अठराचे सोळा

सत्तावीस एप्रिल दोन हजार चोवीस, शनिवार, सकाळी सव्वासात. पिपरी मेघेतल्या माझ्या घराच्या अंगणात मी वर्तमानपत्र वाचत होतो. भिंतीपलीकडून साहेबांचा आवाज आला.

"टायर घ्याले जाचं हाय. चला."

ही विचारणा नव्हती. वजनमापे खात्यात मी अनेक वर्षे त्यांच्या हाताखाली निरीक्षक होतो. निवृत्तीनंतर आम्ही शेजारी झालो, तरी आदेशाची रीत बदलली नाही. बदलली ती फक्त भाषा. कार्यालयात ते माझ्याशी छापील मराठी बोलत. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून घरची वऱ्हाडी बोलू लागले. यापलीकडे त्यांनी माझ्याशी कधी सलगी केली नाही आणि मीही केली नाही.

ते गेले त्याला आता वर्ष होत आले. लोक त्यांची आठवण काढतात तेव्हा हसतात. हसण्यासारखे पुष्कळ होते. परंतु त्या शनिवारी आम्ही ज्या कारणाने निघालो ते हसण्यासारखे नव्हते, म्हणून ते आधी सांगतो.

वहिनींना, म्हणजे साहेबांच्या पत्नीला, कर्करोग झाला होता आणि तो हाडांत उतरला होता. ज्या डॉक्टरांवर त्यांचा विश्वास होता ते नागपूरला होते. दर पंधरा दिवसांनी गुरुवारी सकाळी जायचे, शिरेतून औषध घ्यायचे आणि संध्याकाळी परतायचे, असे ठरले होते. गाडी साहेबांची, चालवणारे साहेब. मागच्या आसनावर उशा रचून वहिनी, आणि काही लागले-सवरले तर असावा म्हणून पुढे मी. अशा काही फेऱ्या झाल्या होत्या. निम्म्याहून अधिक बाकी होत्या.

शेवटच्या फेरीत, परतताना, वाटेवरचे केळझर गाव दिसू लागले तेव्हा मागून आवाज आला.

"थांबवा वो. मले उतरू द्या."

साहेबांनी गाडी कडेला घेतली. वहिनी उतरल्या आणि दार धरून उभ्या राहिल्या. त्या सेलूकडच्या, लहानपणापासून केळझरच्या गणपतीला येणाऱ्या. त्या दिवशी त्यांनी देवळाच्या टेकडीकडे पाहिले नाही. त्या गाडीकडे पाहत होत्या.

"औषधाचं दुखत नाई," त्या म्हणाल्या. "हे गाडी दुखवते. एकेक खड्डा हाडात जाऊन बसते. पुढच्या येळी मले आणू नोका. मी येणार नाई."

"औषध अर्धं राह्यलं हाय," साहेब म्हणाले.

"राहू द्या."

त्या ज्या स्वरात हे बोलल्या त्यात राग नव्हता. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते. साहेबांच्या उंच गाडीऐवजी लहान गाडी घ्यावी, तर तिच्यात त्यांना वाकून बसता येत नव्हते. रेल्वेचे जिने चढणे शक्य नव्हते. रुग्णवाहिकेचे नाव मी काढले तेव्हा त्या म्हणाल्या, "तिच्यात मी एकदाच बसन भाऊ, अन् तवा मले खड्डे लागणार नाईत." त्यानंतर मी नाव काढले नाही.

शनिवारच्या आदल्या दिवशी मतदान होते. केंद्र दोन गल्ल्या पलीकडच्या शाळेत होते. साहेबांनी गाडी दारात आणून उभी केली. वहिनींनी तिच्याकडे न पाहता काठी घेतली आणि चालू लागल्या. दर विजेच्या खांबापाशी थांबून त्या श्वास घेत. त्यांच्या मागून, माणसाच्या चालीने, साहेब रिकामी गाडी चालवत गेले. येतानाही तसेच. गल्लीतल्या लोकांना ती आणखी एक तऱ्हा वाटली. कोणी तरी ओरडले, "साहेब, पेट्रोल लय झालं का?" साहेबांनी मान वळवली नाही.

म्हणजे प्रश्न साधा होता. पुढचा गुरुवार पाच दिवसांवर आला होता आणि त्या दिवशी वहिनी गाडीत बसतील की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

आता तऱ्हांविषयी.

गाडीच्या टायरात हवा किती आहे हे सांगणारा गेज साहेब चष्म्याच्या डबीत ठेवत. चष्मा खिशात मोकळा असे. त्याच्या काचांवर चरे पडलेले असत. पंपावरच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे तपासले, त्याला सगळेच काटे संशयित वाटतात. वर्ध्यातल्या हवा भरणाऱ्या मंडळींत त्यांना ओळखत नाही असा कोणी नव्हता. ते आले की नळी त्यांच्या हातात देऊन माणूस बाजूला होत असे.

हवा रविवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, ऊन तिच्यावर येण्यापूर्वी मोजायची. चालून आलेल्या गाडीची हवा त्यांनी कधीही मोजली नाही. "थंडा टायर खरं बोलते," ते म्हणत. "तापलेला वाढवून सांगते." माणसांच्या बाबतीतही त्यांचे मत हेच होते. कार्यालयात कोणी तावातावाने तक्रार घेऊन आला, तर ते त्याला उद्या सकाळी यायला सांगत.

हवा झाली की पाटावर बसून, गोणपाट शिवायच्या दाभणाने ते टायरच्या नक्षीत अडकलेली गिट्टी एकेक करून काढत. हे काम तासभर चाले. समोरचे एक गृहस्थ रोज फिरून येताना थांबत.

"साहेब, गाडीचे दात कोरून राह्यले का?"

"तुमच्या गाडीचे सारे पडले, म्हून तुमाले आठवते," साहेब म्हणत, वर न पाहता.

स्टेपनी त्यांनी कधी विश्रांतीला ठेवली नाही. ठरावीक अंतर झाले की पाचवे चाक खाली उतरे आणि चालणाऱ्यांपैकी एक वर जाई. "पाचवा नुसता बसून राह्यला का त्याले वाटते आपण साहेब झालो," असे त्याचे कारण. पाच वर्षे झालेला टायर नक्षी शाबूत असली तरी ते काढून टाकत, आणि काढलेला टायर कोणालाही देत नसत. बैलबंडीला लावण्यासाठी असे टायर गावाकडे हवे असतात. एकदा एक ओळखीचा शेतकरी मागायला आला, तेव्हा साहेब अंगणात बसून करवतीने टायरची बाजू कापत होते.

"अवो साहेब, बंडीलेच तं लावाचा हाय. कापता कायले?"

"बंडीवर माणूस बसते का नाई?"

तो निघून गेला. साहेबांनी उरलेला टायर कापला.

नोकरीतही ते असेच होते. दुकानात वजने तपासायला गेले की पाणीदेखील घेत नसत. तहान लागली तर रस्त्यावरच्या नळावर जात. एक प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. सेलूचा बाजार होता. वहिनींचे माहेर तिथलेच, भाजीपाला पिकवणारे घर. त्यांचा भाऊ वांगी-टमाटे घेऊन बसला होता आणि वजनांऐवजी दगड वापरत होता, जसे त्या ओळीत बहुतेक सगळेच वापरत. साहेब ओळीच्या एका टोकाकडून तपासत आले. मेहुण्यापाशी आले. मला वाटले, आता हे पाच पावले पुढे जातील.

मेहुणा हसून म्हणाला, "या जावाई. वांगे घेऊन जा. ताईले भरून करजा म्हणा."

साहेबांनी दगड काट्यावर ठेवला, समोर खात्याचे वजन ठेवले आणि छापील मराठीत म्हणाले, "मापात घट आढळली आहे. तराजू जप्त करावा लागेल."

बाजार थांबला. मेहुणा उठून उभा राहिला. तो साहेबांशी बोलला नाही, बाजाराशी बोलला.

"पाहा गा! आमी पोरगी न मोजता देल्ली, अन् हे आमचे गोटे मोजून राह्यले!"

लोक हसले. साहेबांनी पावती फाडली. त्या वर्षी भाऊ भाऊबिजेला आला नाही. वहिनींनी एकदा माझ्यापाशी ती गोष्ट काढली होती. म्हणाल्या, "मी याईले म्हटलं, तुमी बरोबर होते. पण तुमी बरोबर होते म्हून मी रडू बी नाई का?" साहेबांनी त्यावर काय उत्तर दिले असे मी विचारले. "काई नाई. पुढच्या बाजारी लोखंडी वजनाचा जोड घेतला, छाप मारलेला, अन् त्याच्या गोणपाटावर ठेवून आले. बोलले नाईत. त्यानंबी उचलून घेतला. तो बी बोलला नाई." ती वजने त्या घरात अजून आहेत.

सारांश, समोर आलेली वस्तू कोणाची आहे हे न पाहता मोजणारा असा हा माणूस होता. याला एकच अपवाद झाला, आणि तो मुलाच्या बाबतीत.

मुलगा पुण्याला नोकरी करतो. त्या शनिवारच्या सुमारे दोन वर्षे आधी, दिवाळीत, तो आला होता. "गाडी धुवून आणतो" म्हणून घेऊन गेला आणि संध्याकाळी परतला तेव्हा गाडीची चाके बदललेली होती. मूळ चाके सोळा इंची, साध्या पोलादी रिमांची. ती दुकानात देऊन त्याने अठरा इंची चकाकणाऱ्या रिमा बसवून आणल्या होत्या. त्यांच्यावरचा टायर पट्टीसारखा पातळ होता. स्टेपनी तेवढी सोळाचीच उरली आणि तिची पाळी बंद झाली.

"बाबा, आता कुठे गाडी गाडी दिसते," मुलगा म्हणाला. त्याने ते स्वतःच्या कमाईतून केले होते आणि त्याचा चेहरा फुलला होता.

साहेबांनी गाडीला एक फेरी घातली. आम्ही सगळे वाट पाहत उभे होतो. वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. मला वाटले, आता चष्म्याची डबी निघणार.

"चांगले हायेत," साहेब म्हणाले, आणि आत गेले.

दुकानदाराने यात अडतीस हवा ठेवायला सांगितली आहे, असे मुलाने जाताना सांगितले. पुढे दर रविवारी साहेबांनी अडतीस ठेवली. साडेसदतीस नाही, साडेअडतीस नाही.

केळझरनंतरच्या रविवारी मी सकाळी गेलो, तेव्हा गिट्टी काढणे चालू नव्हते. साहेब चालकाच्या बाजूचे दार उघडून, खांबावर चिकटवलेली कारखान्याची पट्टी वाचत होते. त्या पट्टीवर गाडीच्या मूळ टायरचे माप असते आणि हवा किती ठेवावी तेही असते.

"अडतीस कोणं सांगतलं होतं?" त्यांनी विचारले.

"तुमच्या मुलाने."

"त्याले?"

"दुकानदाराने."

"अन् मी कोणाले इचारलं?"

पट्टीवरचा आकडा तेहतीस होता. साहेब बराच वेळ पट्टीवर बोट ठेवून बसले. मग छापील मराठीत बोलले, निवृत्तीनंतर प्रथमच.

"दोन वर्षे मी चूक अचूक पाळली."

दुसऱ्या कोणाच्या हातून अशी चूक होणे कठीण. ज्याला हवेची पर्वा नसते, त्याची हवा कमी होत जाते आणि चूक आपोआप मोडते. साहेबांनी दर रविवारी ती दुरुस्त करून पूर्ववत केली होती.

त्यांनी चारही टायर तेहतीसवर आणले. मग त्याच सकाळी वहिनींकडे जाऊन म्हणाले, "एकडाव बस. नागपूरले नाई नेत. चौकापासून आणतो." त्या बसल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "फरक हाय. उलसाक."

उलसाक, म्हणजे थोडासा, साहेबांना पुरेना. गाडी थंड होऊ देऊन त्यांनी हवा आणखी काढली. पंचविसावर आणली. मी त्यांना पट्टीच्या आकड्याखाली जाताना कधी पाहिले नव्हते आणि मी पाहत आहे हे त्यांना ठाऊक होते. पुन्हा फेरी झाली. या वेळी वहिनी उतरताना दाराला टेकल्या नाहीत.

"आता बरं वाटते," त्या म्हणाल्या. "असं असन तं येईन मी."

प्रश्न सुटला, असे मला वाटले. परंतु साहेबांनी वहिनींना आत पोचवले, मला गाडीत बसवले आणि दुपारच्या उन्हात नागपूरच्या रस्त्याला लागले. सेलूच्या पुढे बरेच अंतर, नेहमीच्या वेगाने, जाऊन आलो. घरी आल्यावर ते म्हणाले, "हात लावा."

मी टायरच्या बाजूला हात लावला आणि झटकन काढून घेतला.

"मऊ केला का तापते," ते म्हणाले. "तापला का फुटते. अन् फुटला तवा मांगं कोण बसलं राहीन?"

टायर थंड होईपर्यंत ते व्हरांड्यात बसून राहिले. मग हवा पुन्हा तेहतीसवर नेली. वहिनी खिडकीतून पाहत होत्या. त्यांनी विचारले, "काऊन भरून राह्यले?" साहेब म्हणाले, "दुसरं पाहतो काई." पत्नीला त्या दिवशी मिळालेला आराम त्यांनी आपल्या हाताने परत घेतला. त्यांनी दुसरे काही केले असते तर ते मला समजले असते. पण मग ते साहेब नसते.

संध्याकाळी त्यांनी मला हिशेब सांगितला. चाकाची बाहेरची उंची ठरलेली. आतली रिम मोठी केली की रबराला जागा उरत नाही. "धक्का कोणं तरी खावाच लागते. रबर खात नाई, म्हून ते खाते." ते म्हणजे वहिनी. उपाय एकच होता. गाडी जशी कारखान्यातून आली तशी करायची: सोळा इंची साधी रिम, वर उंच बाजूचा टायर, आत पट्टीवरची हवा. सिंदी मेघेच्या रस्त्यावरच्या टायरवाल्याला त्यांनी दुसऱ्या दिवशी पोलादी रिमा मागवायला सांगितले.

शुक्रवारी संध्याकाळी, मतदान करून आल्यावर, त्यांनी मुलाला फोन लावला. मी समोर होतो. ऐकायला कमी येत असल्याने ते फोन मोठ्या आवाजावर ठेवत.

"तू देल्ले चाकं काढून राह्यलो," ते म्हणाले.

"का बाबा? टायर संपले का? मी नवीन पाठवतो ना."

"नाई. चाकंच काढतो. सोळाचे लावतो."

"अहो पण का?"

"तुह्या आईले लागते."

मग मुलाने विचारले, "मी लावले म्हणून लागतं का तिला?"

मी साहेबांकडे पाहिले. या माणसाने भर बाजारात मेहुण्याचा तराजू उचलला होता.

"रस्त्यानं लागते," साहेब म्हणाले. "रस्ता खराब हाय."

माझ्या माहितीत त्यांनी आयुष्यात दिलेले हे एकमेव कमी माप.

तर शनिवार. आठच्या सुमारास आम्ही टायरच्या दुकानात पोचलो. दुकानदार चाळिशीचा, बोलका, मतदानाची शाई लागलेले बोट नाचवत बोलणारा. रिमा आल्या होत्या. काळ्या, साध्या, एखाद्या मालट्रकला शोभतील अशा. त्या पाहून त्यालाच वाईट वाटले.

"काकाजी, पुन्हा एकडाव इचार करा. लोक सोळाचे अठरा करून राह्यले, तुमी अठराचे सोळा! उलटी गंगा झाली ना जी. गाडीची शान जाते."

"शान मांगं बसत नाई," साहेब म्हणाले. "टायर दाखवा."

त्याने प्रथम जाड खाचांचा, दणकट दिसणारा टायर पुढे केला. "हे पाहा. गोट्यात जा, चिखलात जा. शेरासारखा चालते."

"मले शेर नाई पाह्यजे. गाय पाह्यजे."

दुकानदार हसला आणि त्याने साध्या नक्षीचा, रस्त्यावर चालणारा टायर काढला. साहेबांनी त्याची बाजू दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिली. भार किती सोसतो त्याचा आकडा वाचला, दाराच्या पट्टीवरच्या आकड्याशी ताडून पाहिला. मग बाजूवर कोरलेले चार अंक शोधू लागले. टायर कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात तयार झाला, हे त्या अंकांवरून कळते.

"हा दोन वर्षांआंधीचा हाय."

"अवो काकाजी, नवाकोरा हाय. एकबी किलोमीटर चालला नाई."

"चालला नाई, पण म्हातारा झाला."

"टायर हाय जी, दूध थोडी हाय नासाले!"

"दूध नासलं तं वासानं समजते," साहेब म्हणाले. "हा नासला तं कशानं समजन?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. तो आत गेला आणि दुसरे पाच घेऊन आला. त्यांतले तीन एकाच आठवड्याचे निघाले, दोन वेगळ्या. साहेबांनी पाचही एका आठवड्याचे मागितले. शोधाशोध झाली. एक माणूस माळ्यावर चढला. दुकानदार घाम पुसत म्हणाला, "इतलं तं आमी पोरीसाठी पोरगं पाहाले बी पाहात नाई."

"पाहात जा," साहेब म्हणाले.

पाच मिळाले. मुलाची चाके उतरवून भिंतीला टेकवली, तेव्हा दुकानदाराने ती परत घेण्याची तयारी दाखवली. चांगली किंमत देतो म्हणाला.

"ते इकाचे नाईत."

"ठेवून काय करान काकाजी? पुन्हा लावान का?"

साहेब त्या चार चकाकत्या चाकांकडे पाहत राहिले. पुन्हा अठरा इंची लावायची वेळ येईल तेव्हा मागचे आसन कसे असेल, हे मला तिथे उभ्या उभ्या सुचले, आणि त्यांनाही सुचले असणार. दुकानदाराला ते ठाऊक नव्हते. त्याचा दोष नव्हता.

"पोरानं देल्ले हायेत," साहेब म्हणाले. "घरी न्याचे."

नवी चाके बसली, त्यांचा तोल पाहून झाला, दिशा जुळवून झाली. हवा भरताना दुकानाच्या काट्यावर तेहतीस दिसले आणि साहेबांच्या गेजवर एकतीस. दुकानदार आपल्या काट्याची बाजू घेऊ लागला. साहेबांनी वाद घातला नाही. नळी मागून घेतली आणि आपल्या हाताने पुरी केली. गाडी बाहेर निघाली तेव्हा खरोखरच वाईट दिसत होती. उंच अंगाच्या माणसाने शाळकरी पोराचे जोडे घालावेत तशी.

दुपारी वहिनी झोपल्या होत्या. साहेबांनी त्यांना उठवले नाही. ऊन उतरल्यावर मी पुन्हा गेलो. वहिनी व्हरांड्यात येऊन बसल्या होत्या आणि गाडीकडे पाहत होत्या.

"हे काय लावलं?" त्या म्हणाल्या. "पयल्या दिवशी आली तवा अशीच होती ना?"

"अशीच होती."

"पोराचे कुठी गेले?"

"घरात ठेवले."

"त्याले सांगतलं?"

"सांगतलं. बस जराक. फाटकाकडून येऊ."

त्या लगेच उठल्या नाहीत. साहेब दार उघडून उभे राहिले. ते पुन्हा म्हणाले नाहीत, आणि दारही लावले नाही. काही वेळाने वहिनी काठी टेकत आल्या आणि उशांवर बसल्या. मी पुढे बसलो.

रेल्वे फाटकाच्या अलीकडे एक गतिरोधक आहे. तो लोकांनीच मुरूम आणि डांबर टाकून केलेला, आखूड आणि उभा. नागपूरच्या सबंध रस्त्यावर त्याच्यासारखा दुसरा नाही. साहेब त्याच्यावरून अगदी हळू गेले. गाडी वर झाली, खाली झाली. मागून काही आवाज आला नाही. पलीकडे जाऊन ते थांबले.

"कसं वाटलं?"

"काई वाटलं नाई," वहिनी म्हणाल्या. मग थोडे थांबून, "पण तुमी हळू चालवून राह्यले. मी काय लहान हाय का? नागपूरले असे चालवान तं राती पोचू."

साहेबांनी गाडी वळवली. लांब मागे नेली, पुन्हा वळवली, आणि या वेळी नेहमीच्या वेगाने आणली. गतिरोधक जवळ आला. मी वरची कडी धरली. आरशात मला वहिनी दिसत होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि एक उशी पोटाशी धरली होती. साहेब आरशात पाहत नव्हते. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

धक्का बसला. तो मला बसला. खालून एक मऊ, जड आवाज आला आणि गाडी सरळ झाली.

वहिनींनी डोळे उघडले. साहेबांनी विचारले नाही. फाटक आले, गाडी वळली, आम्ही परत निघालो. येताना तोच गतिरोधक त्याच वेगाने पुन्हा ओलांडला. पिपरीच्या कमानीपाशी आलो तेव्हा मागून आवाज आला.

"गुरुवारी किती वाजता निंघाचं?"

"साहाले."

"मंग मले चारले उठवजा. लुगडं नेसाले येळ लागते आता."

"उठवतो," साहेब म्हणाले.

घरी आल्यावर वहिनी आत गेल्या. दिवे लागले होते. मी निघालो, तेव्हा साहेबांनी डिकीतून पाना काढला होता. नव्याने बसवलेली चाके थोडी चालली की नट किंचित सैल पडतात. ते पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले आणि एक नट आवळून त्याच्या समोरचा, मग त्याच्या समोरचा, अशा क्रमाने चारही चाकांचे नट त्यांनी पुन्हा एकदा आवळले.